घंटेच्या तोंडातली चिंधी

मला जुनी म्हणा, काळवंडलेली म्हणा, काठाला टवका उडालेली म्हणा. मी रागावणार नाही. पण मित्रांनो, एक शब्द तेवढा माझ्यासाठी वापरू नका. तो म्हणजे 'जपून ठेवलेली'. हा शब्द ऐकला की माझे डोके अजून भणभणते. मी बैलाच्या गळ्यातली काशाची घंटा आहे. घंटेचे काम वाजणे. आणि ज्या घराने मला सगळ्यांत जास्त जीव लावला, त्याच घराने माझ्या तोंडात चिंधी कोंबून मला दहा वर्षे पेटीत ठेवले. का, तर मी फार लाडकी होते म्हणून! यावर हसावे की कपाळ बडवून घ्यावे, तुम्हीच सांगा. मला तर बडवायला कपाळही नाही.

पण असे चिडून सांगितले तर तुम्हाला काही कळणार नाही. पहिल्यापासून सांगते.

माझा जन्म उदगीरच्या एका ओताऱ्याच्या भट्टीत झाला. देवणीच्या अलीकडच्या एका गावात मलप्पा नावाचे शेतकरी राहतात. त्यांच्या आईची एक काशाची वाटी होती. लहानपणी मलप्पांचे तळपाय उन्हाने पोळले की आई ओठ मिटून गुणगुणत त्या वाटीने तेल चोळून देत असे. आई गेल्यानंतर एकदा ती वाटी दगडावर पडली आणि तडकली. मित्रांनो, तांब्या-पितळेला पोचा येतो, पण कासे वाकत नाही. ते सरळ तडकते. तडकलेली वाटी धोतराच्या सोग्यात बांधून मलप्पा ओताऱ्याकडे गेले.

"मालक, एवढ्याशा काशात घंटा न्हाई व्हायची," ओतारी म्हणाला. "माझ्याकडचं कासं घालावं लागंल."

"घाला की. पर ही आधी घाला. आईची हाय."

ओताऱ्याने मेणाचा घाट केला, त्यावर चिकणमातीचा लेप दिला, भट्टीत मेण वितळून वाहून गेले आणि त्या पोकळीत दोन घरचे कासे एकत्र ओतले. गार झाल्यावर त्याने मला आडव्या दांड्याला टांगले, आत लोखंडाचा लोलक अडकवला आणि हलवले. आधी टणकन् स्वच्छ ठोका, आणि त्याच्या मागून बराच वेळ कुणीतरी ओठ मिटून गुणगुणावे तसा खोल नाद. ओतारी कान देऊन ऐकत राहिला.

"ही चुकली का जमली, मलाच कळंना. असा आवाज माझ्या हातून कधी निघाला न्हाई."

"जमली," मलप्पा म्हणाले आणि माझ्याकडे पाहून डोळे पुसू लागले. माझे पहिले कौतुक ते!

मला शेवऱ्याच्या गळ्यात बांधले. देवणीच्या गाई-बैलांत काही पांढरेशुभ्र असतात, काहींचे तोंड काळे असते, आणि काहींच्या पांढऱ्या अंगावर काळे ठिपके शिंतोड्यांसारखे उडालेले असतात. त्या तिसऱ्या जातीला शेवरा म्हणतात. आमचा बैल तसलाच, म्हणून त्याचे नावही शेवरा. उंच, डौलदार आणि स्वभावाने थोडा हट्टी. मी वाजल्याशिवाय तो पाऊल उचलत नसे. खरे तर त्याने पाऊल उचलल्याशिवाय मी वाजू शकत नव्हते. तेव्हा आधी कोण, हा वाद आम्ही कधी घातला नाही.

काय दिवस होते ते! मलप्पांची गाडी ओढ्याच्या वळणावर आली की त्यांची बायको पार्वतम्मा तव्यावर भाकरी टाकायच्या. गाडी दारात यायला आणि भाकरी फुगायला एकच गाठ. येळवसेला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावास्येला, आंबिलीने भरलेले मडके, आमचा बिंदगा, आणि शेंगभाज्यांच्या भज्जीचे पातेले घेऊन सगळे घर गाडीत बसून शेताला निघे, तेव्हा वाटेवरची माणसे न बघताच म्हणत, "मलप्पा आले." मी शेवऱ्याच्या गळ्यात छाती काढून वाजत असे. थोडा गर्व होता मला. तो मी नाकारत नाही.

मग बहात्तरचा दुष्काळ आला.

विहिरीच्या तळाची माती दिसू लागली. माणसे रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागली. माणसांना निदान कामावर वाटली जाणारी सुकडी तरी खायला मिळे. जनावरांना कडब्याचे धसकटही उरले नव्हते. शेवऱ्याचा जोडीदार फाल्गुनात खाली बसला तो उठला नाही. शेवऱ्याच्या बरगड्या दिसू लागल्या. तेव्हा मलप्पांनी ठरवले की बैल डोळ्यांसमोर मरू देण्यापेक्षा जिथे चारा आहे तिथे द्यावा. तो विचार चांगला होता, मित्रांनो. त्यात मला काही खोट दिसत नाही.

उदगीरच्या बाजारात रुमालाखाली बोटे दाबून सौदा झाला. घेणारे भालकीकडचे गृहस्थ होते. त्यांच्या मळ्याला पाणी होते, ऊस होता. शेवऱ्याच्या पाठीवरून त्यांनी हात फिरवला त्यावरूनच मला कळले की माणूस चांगला आहे.

आता आमच्याकडची एक रीत ऐका. जनावर विकले तरी त्याचे दावे आणि गळ्यातली घंटा विकत नाहीत. त्यांच्याबरोबर गोठ्यातली लक्ष्मी निघून जाते, असे मानतात. घेणारा स्वतःचे नवे दावे घेऊन येतो. रीतीप्रमाणे मलप्पांनी मला सोडून हातात घेतले. भालकीकरांनी नवे दावे ओढले. शेवरा दोन पावले गेला. इतक्यात मलप्पांनी मला काखेत घ्यायला उचलले आणि मी वाजले.

शेवरा गर्रकन् वळला. माणसाला ओढत परत आला आणि मलप्पांपुढे मान खाली घालून उभा राहिला. म्हणजे, बांधा घंटा, निघू या घरी.

"मालक, तुम्ही आधी निघून जा बरं," भालकीकर म्हणाले.

मलप्पा निघाले. त्यांच्या प्रत्येक पावलाला मी वाजू लागले आणि शेवरा मागून येऊ लागला. बाजारातली माणसे हसायला लागली. एक व्यापारी ओरडला, "ओ मलप्पा, तुम्ही बैल इकून राहिले का बैल तुम्हाला इकून राहिला?"

"घंटा देऊन टाका की," भालकीकर काकुळतीने म्हणाले. "गुमान येईल तो."

"न्हाई देता येत. घरची लक्ष्मी हाय."

द्यायची होती हो! एकदा रीत मोडली असती तर काय आभाळ कोसळणार होते? कोसळायला त्या वर्षी आभाळात काही होते तरी का? मी शेवऱ्याबरोबर गेले असते, भालकीच्या उसात वाजले असते. पण ओताऱ्याने मला नाद दिला, शब्द दिले नाहीत. मलप्पांनी डोक्याच्या पटक्याची एक लांब चिंधी फाडली, माझ्या लोलकाला गुंडाळली, उरलेली आत कोंबली आणि करकचून गाठ मारली. गाठ मारताना ते रडत होते.

मी गप्प झाले. शेवरा कान उभारून थोडा वेळ ऐकत राहिला. मग निघाला. मागे वळून पाहिले नाही त्याने. ज्या आवाजासाठी तो वळायचा, तो आवाजच उरला नव्हता.

घरी आल्यावर मलप्पांनी मला लोखंडी पेटीत ठेवले आणि बजावून सांगितले, "हिला कुणी हात लावायचा न्हाई. ही शेवऱ्याची आठवण हाय."

पेटीत माझ्यासारखे आणखी लाडके होते. लग्नातला रेशमी शेला होता. तो इतका जपला होता की पांघरायला कधी काढलाच नाही आणि घडीवरच विरून गेला. एक अत्तरदाणी होती, तिच्यातले अत्तर कधीच उडून गेले होते. रुद्राणीचे बारशाचे अंगडे होते. रुद्राणी म्हणजे या घरची एकुलती एक लेक. तिच्यानंतर त्या गल्लीत किती बाळे जन्मली, थंडीत कुडकुडली. पण अंगडे बाहेर आले नाही. सगळ्यांना डांबराच्या गोळ्यांचा वास. आम्हा सगळ्यांवर घराचा जीव, आणि आमच्यापैकी एकाचाही कुणाला उपयोग नाही. याला प्रेम म्हणतात म्हणे!

वर्षातून एकदा, पोळ्याला, मला बाहेर काढत. मलप्पा मला तेल लावत, हळद लावत आणि माझ्यापुढे पुरणपोळी ठेवत. मला पुरणपोळी! अहो, पुरणपोळी ठेवता ती ठेवा, पण आधी तोंडातली चिंधी तर काढा! पण नाही. चिंधीवरूनच हळद लावायची आणि परत पेटीत. तेल-हळद पिऊन गाठ दरवर्षी आणखी घट्ट होई. गोठ्यात पुढे दुसरे बैल आले, त्यांच्या गळ्यात घुंगरांचे पट्टे आले. मलप्पांनी मला कुणालाच दिले नाही.

पेटीत दिसत काही नसे, पण ऐकण्यात मी तरबेज. रुद्राणीचा आवाज बदलत गेला तसे मला वर्षे गेल्याचे कळे. मग एके दिवशी गावात हलगी वाजली, पेढे वाटले गेले. लातूर जिल्हा झाला होता. कचेरीच्या कामाला आता उस्मानाबादेपर्यंत जायला नको, म्हणून मलप्पा खूष होते. गावाजवळचा रस्ता रुंद होऊ लागला. त्याच्या भरावासाठी शिवारात मुरुमाचे खड्डे खणले गेले आणि खणणारे ते तसेच उघडे टाकून पुढे गेले. दिवसभर ट्रकांची घरघर ऐकू येई.

त्याच सुमारास आमच्या वानेरी गाईला कालवड झाली. वानेरी म्हणजे पांढऱ्या अंगाची, काळ्या तोंडाची. कालवडीच्या डोळ्यांवर जन्मापासून पांढरा पडदा होता. तिला दिसत नव्हते. रुद्राणीने तिचे नाव ठेवले बिजली.

"आंधळीचं नाव बिजली?" मलप्पा हसले.

"तिला दिसत न्हाई अप्पा, पर आपल्याला तर ती दिसती नव्हं?"

रुद्राणीने बिजलीला हाताने पाणी पाजून वाढवले. पण वानेरी चरायला निघाली की अडचण होई. आई कुठे गेली हे बिजलीला कळत नसे. रुद्राणीने युक्ती केली. उदगीरहून पत्र्याची घंटी आणली आणि वानेरीच्या गळ्यात बांधली. युक्ती बरोबर होती, फक्त एक चूक झाली. गावातल्या सगळ्या गाईंच्या गळ्यात त्याच दुकानातली, तसलीच पत्र्याची घंटी होती! एके दुपारी बिजली भलत्याच गाईच्या मागे गेली आणि मुरुमाच्या खड्ड्यात पडली. चार माणसांनी तिला दोराने वर काढले. पुढचा पाय सोलून निघाला होता.

त्या संध्याकाळचे बोलणे मी पेटीतून शब्दन् शब्द ऐकले.

"येत्या बाजाराला कालवड नेतो," मलप्पा म्हणाले.

"कुणाला इकता अप्पा? आंधळी कालवड दुधाला कोण घेतंय?"

मलप्पा पायातले जोडे आपटून मुरूम झटकू लागले.

"कशाला घेतेत ते तुम्हालाबी ठाऊक हाय अन् मलाबी," रुद्राणी म्हणाली.

"मग काय करू पोरी? आज खड्ड्यात पडली, उद्या ट्रकखाली येईल. जल्मभर तिच्या मागं मागं कोण हिंडणार?"

"मला पेटीतली घंटा द्या. वानेरीच्या गळ्यात बांधते. तसला आवाज आख्ख्या शिवारात न्हाई, तुम्हीच सांगत असता."

मी पेटीत शहारले. सोड गं बाई मला, सोड!

"ती शेवऱ्याची हाय," मलप्पा म्हणाले.

"शेवरा कुठं हाय अप्पा?"

"तिला हात लावायचा न्हाई म्हणून सांगितलं ना! माझी आठवण हाय ती."

मी संतापाने तापले. एक जीव बाजाराला चालला होता आणि ह्या माणसाला चिंधीची काळजी! पण तेवढ्यात चुलीपुढून पार्वतम्मा बोलल्या. त्या सहसा मध्ये बोलत नसत. बोलल्या की समोरच्याला भाकरीसारखे उलथवूनच थांबत.

"आठवण? अवो, शेवऱ्याची आठवण असती तर दहा वर्सांत एकदा तरी भालकीला गेला असता. येष्टीनं सकाळी निघालं की दुपारी पोचतंय मानूस. गेला का? न्हाई. हितं घंटेला हळद लावून राहिले. तुम्ही शेवऱ्याला जपून न्हाई राहिले. त्या दिवशीचं तुमचं रडणं जपून राहिले, चिंधीसकट."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"न्हाई कळत तर न्हाई. पर एक सांगा. सासूबाईंची वाटी तडकली तवा ती काय गाठोड्यात बांधून उशाला घेतली व्हती तुम्ही? धगधगत्या भट्टीत घातली. का घातली?"

मलप्पा पाट सरकवून चुलीजवळ बसले.

"आईचा आवाज राहावा म्हणून," मलप्पा म्हणाले.

"मग? कुठं हाय तो आवाज?"

मित्रांनो, पेटीची कडी वाजली. मलप्पांनी मला मांडीवर घेतले. गाठ नखाने निघेना, दातांनी निघेना. दहा पोळ्यांचे तेल आणि हळद पिऊन ती दगड झाली होती. शेवटी रुद्राणीने विळा आणून दिला. मलप्पांचा हात क्षणभर थांबला. मग त्यांनी गाठ कापली आणि चिंधी ओढून काढली.

मला हलवले. आणि काय सांगू! घसा बसलेल्या माणसासारखा 'खर्र' असा आवाज निघाला. मला रडूच कोसळायचे बाकी होते. मलप्पांचा चेहरा उतरला. "बसला आवाज," ते पुटपुटले.

"दहा वर्सं तोंडात चिंधी कोंबली तर तुमचाबी बसंल अप्पा," रुद्राणी म्हणाली.

पार्वतम्मा फसकन् हसल्या. मग मलप्पाही हसले. किती वर्षांनी ऐकले मी ते हसू! रुद्राणीने मला चिंच आणि राख लावून घासले, लोलकाच्या कडीला तेल घातले आणि पुन्हा हलवले. टणकन् ठोका, आणि त्याच्या मागून तो खोल नाद. गोठ्यात दुखरा पाय घेऊन बसलेल्या बिजलीने कान उभारले. मलप्पा उंबऱ्यावरच बसले आणि तळपायावरून हात फिरवत राहिले.

मला वानेरीच्या गळ्यात बांधले. चिंधीलासुद्धा काम मिळाले बरे का! पार्वतम्मांनी ती गरम पाण्यात धुऊन बिजलीच्या पायाला बांधली.

पाय बरा होण्याआधीच बाजाराचा दिवस आला. मलप्पा सकाळीच निघाले. रुद्राणी दावणीपाशी जाऊन उभी राहिली. पण त्यांनी बिजलीचे दावे सोडले नाही. ते एकटेच गेले आणि भालकीच्या येष्टीत बसले.

दुसऱ्या दिवशी परतले. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, "मागल्या वर्सी गेला शेवरा. लई चांगलं ठेवलं व्हतं त्याला. उसाच्या बांधालाच पुरलाय. कुठं घंटा वाजली की म्हातारपणीसुदीक कान उभारायचा म्हने."

पार्वतम्मांनी त्यांच्यापुढे भाकरी ठेवली. मी मात्र वानेरीच्या गळ्यात तळमळत होते. मागल्या वर्षी! म्हणजे नऊ वर्षे तो तिकडे कान देऊन होता आणि मी इकडे पुरणपोळीपुढे बसले होते. कुणी दुष्टपणा केला असता तर मी दोष तरी दिला असता. पण दोष कुणाला देऊ? हे सगळे मायेने झाले होते. मला सगळ्यांत जास्त चीड येते ती याचीच.

बिजलीचा पाय बरा झाला. पहिल्या दिवशी मलप्पा स्वतः काठी घेऊन तिच्या मागे चालत होते. ओढ्याच्या वळणावर गावच्या गाई खड्ड्याच्या बाजूला वळल्या. पत्र्याच्या घंट्यांचा एकच खडखडाट झाला. बिजली गोंधळून थांबली. एक पाऊल तिकडे टाकले. मलप्पांनी काठी उचलली. तेवढ्यात वानेरीने मान हलवली आणि मी जीव तोडून वाजले. बिजलीने मान फिरवली, हवेत हुंगले, त्या सगळ्या खडखडाटाला पाठ दिली आणि सरळ आमच्याकडे चालत आली. मलप्पांनी काठी काखेत घातली आणि दोन्ही हातांनी डोक्याचा पटका नीट केला.

तर मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी पेटी असेल. तिच्यात कुणाचे तरी लाडके असे काही असेल: आजोबांचा चष्मा, आत्याची शाल, थोरल्या बहिणीची पाटी. ते फेकून द्या असे मी मुळीच म्हणत नाही. जीव लावलेल्या वस्तूला विसरणे वाईटच. पण शाल आहे तर कुणाच्या तरी खांद्यावर घाला. पाटी आहे तर धाकट्याला गिरवू द्या. झिजेल, फुटेल, हरवेलही. माझी आजी वाटी होती आणि ती तडकली, म्हणून तर मी झाले. आणि ज्याची आठवण येते तो माणूस किंवा जनावर अजून कुठे असेल, तर पेटीपुढे बसू नका. येष्टी पकडा.

अजून खूप बोलायचे होते, पण वानेरी उठली. मी वाजल्याशिवाय मागची पोरगी जागची हलायची नाही.

टण्!